यानातली हवा

मॅट्रिकच्या आदल्या वर्षी माझा जीव एका मासिकात अडकला होता. त्यात मंगळाकडे निघालेल्या तिघांची कादंबरी दर महिन्याला थोडी थोडी येत होती, आणि मागच्या अंकात त्यांच्या यानातली हवा संपत आली होती.

वडील कचेरीतून येताना वाचनालयातून तो अंक आणायचे. त्या महिन्यात मात्र तीनदा रिकाम्या हातांनी आले. कोणीतरी नेलाय, परत आलेला नाही, एवढंच कळलं. चौथ्यांदा मी विचारल्यावर ते म्हणाले, "अगो, ती काय खरी माणसं आहेत?"

मी पुन्हा विचारलं नाही. पण शाळेची घाटी चढताना मी श्वास रोखून पावलं मोजू लागले. तेविसाव्या पावलाला डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. घरी दोनदा भात करपवला. भूमितीच्या वहीत यान काढलं म्हणून बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं.

शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी एकटीच वाचनालयात गेले. तिथे बायका येत नसत. वर्तमानपत्रांमागून चार-पाच डोकी वर आली. टेबलामागे म्हातारे ग्रंथपाल बसले होते.

"कोणाची गो तू? बापाशीला पाठव."

"ते हे वाचत नाहीत. मी वाचते," म्हटलं, आणि मासिकाचं नाव सांगितलं.

त्यांनी टेबलाचा खण उघडला. अंक तिथेच होता. कोणी नेलेला नव्हताच. यानाच्या प्रकरणापाशी त्यांनी दोरा घातला होता.

"पुढे वाचवेना," ते हळूच म्हणाले. "तू वाच. जगतात का, तेवढं मला सांग."

मी दाराजवळ उभ्यानेच वाचलं. तिघांतला सर्वांत वडील शास्त्रज्ञ, बाकीचे दोघे झोपले असताना, दार उघडून बाहेर निघून गेला होता. उरलेली हवा दोघांना पुरावी म्हणून.

मी जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. मग म्हणाले, "पण दोघे पोचतील ना?"

"पोचतील," मी म्हटलं.

त्यानंतर दर महिन्याला ते माझ्यासाठी अंक बाजूला ठेवू लागले आणि दाराशी एक खुर्चीही. वडिलांना कळलं तेव्हा दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पण मला जाऊ नको असंही म्हणाले नाहीत.

मला मात्र चैन नव्हतं. यानाची लांबी-रुंदी गोष्टीत दिलेली होती, म्हणून मी गणित मांडून बघितलं. दार उघडल्यावर आतली हवाच बाहेर गेली असती. दोघांना काय, एकालाही पुरली नसती. संपादकांना पत्र लिहिलं. पुढचे कितीतरी अंक उत्तरासाठी मागून पुढे चाळले. उत्तर आलं नाही.

ग्रंथपालांना ते गणित मी कधीच दाखवलं नाही.