‘मेस्विज’ची साक्ष

इनायतसरांची आणि माझी ओळख शाळेच्या स्टाफरूममध्ये झाली. मी मराठी शिकवायला पुणतांब्याला नवीन आले होते. सर इंग्रजी शिकवत. सूचनाफलकावर मी केलेली चूक त्यांनी कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने मला सांगितली आणि खडू माझ्याच हाती दिला.

सरांची खरी कसोटी निवृत्तीनंतर लागली. आमच्या शाळेची जागा एका इंग्रज साहेबांनी दानपत्राने दिलेली. मागचं अंगण, विहीर आणि दोन खोल्या आपल्या आहेत, असा दावा शेजारच्या जमीनमालकांनी राहात्याच्या न्यायालयात लावला. त्या खोल्यांत शाळेच्या सेविका कुसुममावशी वीस वर्षं राहत होत्या. दान नेमकं कशाचं, ते दानपत्रात एकाच शब्दात होतं: ‘मेस्विज’. जुन्या भाषांतरात तो ‘मेसेज’ समजून त्याचा ‘निरोप’ केलेला! समोरचे वकील म्हणत, ही लेखनिकाची चूक. दान फक्त इमारतीचं.

शब्दाचा अर्थ सांगायला शाळेने सरांना साक्षीला बोलावलं. त्यांनी सांगितलं, की हा कायद्यातला जुना शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी ‘राहणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. आणि त्याचा अर्थ घर, त्याचं अंगण व भोवतालच्या खोल्या असा होतो.

तेव्हा समोरच्या वकिलांनी विचारलं, “हा शब्दच मुळात चुकीतून जन्मला ना?”

नेमका हाच मुद्दा टाळायला आमच्या वकिलांनी सरांना बजावलं होतं. माझ्या शेजारी कुसुममावशींनी बाकाची कड घट्ट धरली.

“बहुधा हो,” सर म्हणाले. “जुन्या हस्ताक्षरात ‘एन’ आणि ‘यू’ सारखेच दिसत. प्रत उतरवणाऱ्या कुणीतरी घर या अर्थाच्या फ्रेंच शब्दातला ‘एन’ ‘यू’ असा वाचला, असं अभ्यासक मानतात. पण ती चूक या दानपत्राच्या कितीतरी शतकं आधीची. हे दानपत्र लिहिणाऱ्यांनी शब्द बरोबरच वापरला आहे.”

बाहेर आल्यावर मी रागावूनच विचारलं, की कबूल करायची काय गरज होती? मावशी मात्र हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, “सर, आता आमी कुठं जायाचं?”

सर त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. “मावशी, निकाल काय लागेल, मला ठाऊक नाही. पण तुमचं घर मी खोट्यावर उभं करणार नाही.”

निकालापर्यंतचे दिवस फार जड गेले. मावशींनी भांडी पोत्यात भरून ठेवली होती. सर रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत.

निकाल शाळेच्या बाजूने लागला. आपल्या बाजूला अडचणीचं ठरेल तेही ज्याने लपवलं नाही, त्या साक्षीदारावर विश्वास ठेवायला हरकत नाही, असं न्यायाधीशांनी त्यात नमूद केलं. त्या दुपारी मावशींनी पोतं सोडलं आणि पहिला चहा सरांसाठी टाकला.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, नजर शाबूत राहो आणि अडलेला शब्द घेऊन त्यांच्या दारी जायची आमची सवय पुढली अनेक वर्षं न मोडो.