वीस बाइटच्या सात फाइली

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या इमारतीत बातमी फुटली, की तिसऱ्या मजल्यावरच्या गटवाल्या काकूंचे यजमान गेले. समोरच्या वहिनींनी रडणं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि वहिनींचे कान भिंतीपलीकडचंही सोडत नाहीत. दहा मिनिटांत चार बायका डोळ्यांना रुमाल लावून जिन्यात जमल्या. तेवढ्यात खुद्द यजमानच भाजीची पिशवी सावरत वर आले आणि पडेल चेहऱ्याने विचारू लागले, "कोण हो गेलं?"

गेली होती काकूंच्या कॉम्प्युटरची डिस्क.

यात एवढं रडण्यासारखं काय, असं ज्यांना वाटलं त्यांना काकू कळल्याच नाहीत. उभा जन्म रक्तपेढीत काढलेली ही बाई. जिन्यात गाठ पडली की आधी रक्तगट विचारणार, नाव मागाहून, आठवलं तर. नवे भाडेकरू त्यांना चुकवायला गच्चीवरून फिरून जात. दुर्मिळ गटांचे रक्तदाते त्यांनी चौदा वर्षं एकेक करून जमवले होते. तीन हजार एकशे माणसं. तुमचं नाव, फोन, दुखणी कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर जाणार नाहीत, असा शब्द प्रत्येकाला दिलेला. म्हणून सर्व्हर घरातच, चपलांच्या कपाटाच्या वरच्या फळीवर. यजमान म्हणत, "आमच्या घरात त्याला पंखा आहे, मला नाही."

बॅकअपही काकूंनीच शिकून लावला होता. रोज दुपारी एक वाजता, त्या जेवायला बसल्या की यंत्र आपोआप सगळ्या नोंदींची प्रत काढून बाहेरच्या डिस्कवर टाकायचं. फाइलीच्या नावात तारीख. जागा अडू नये म्हणून आठवड्यापेक्षा जुनी फाइल आपोआप पुसली जायची. हात धुऊन काकू आजच्या तारखेची फाइल आली ना, एवढं बघत आणि कॅलेंडरवर खूण करत. एकही खूण चुकलेली नव्हती.

त्या मंगळवारी नऊ वाजता इस्पितळातून फोन आला होता. "मॅडम, बाळंतीण आहे. लाखात एखाद्याचा असतो ना, तो गट. आमच्याकडे रक्ताची पिशवी नाही. संध्याकाळच्या आत एक तरी लागेल."

"यादी काढते," काकू म्हणाल्या. त्या गटाची एकोणीस माणसं त्यांच्याकडे होती. पण सर्व्हर सुरूच होईना. आतून नुसता टकटक आवाज. दुरुस्तीवाला आला, डिस्कला कान लावून म्हणाला, "काकू, हिचं काही खरं नाही."

"नसू दे. बॅकअप आहे माझा." काकूंचा आवाजसुद्धा हलला नाही. बाहेरची डिस्क यजमानांच्या लॅपटॉपला लावली. सात दिवसांच्या सात फाइली शिस्तीत उभ्या. पहिली उघडली. रिकामी. दुसरी रिकामी. सातवीही रिकामी. प्रत्येकीचा आकार वीस बाइट. त्यात एका माणसाचं नाव-आडनावसुद्धा मावायचं नाही.

दुरुस्तीवाल्याने जरा वेळाने हळूच विचारलं, "मध्ये पासवर्ड बदलला होता का?"

बदलला होता. तीन महिन्यांपूर्वी, लेक फोनवर "आई, अजून तोच पासवर्ड?" म्हणून हसल्यावर. नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसला नवा सांगितला. बॅकअपला सांगायचा राहिला. तेव्हापासून यंत्र रोज एक वाजता दार ठोठावायचं, आत शिरायला मिळालं नाही की रिकाम्या डब्याला झाकण लावून, वर तारीख घालून ठेवून द्यायचं. आणि भरलेले जुने डबे? ते काकूंच्याच नियमाने आठवड्याभरात फेकले गेले होते.

तेव्हा काकू रडल्या. यजमान भाजीला गेलेले, दुरुस्तीवाला भांबावून पाणी शोधतोय, आणि पलीकडे वहिनींचे कान.

यजमान आत आले. "जुन्या वह्या असतील की गं!"

"तुम्हीच रद्दीत घातल्यात. मीच म्हटलं घाला."

साडेअकरा. काकू डोळे मिटून बसल्या. एकोणिसांतलं कोण आठवतंय? फोनचे आकडे आठवेनात. भूमिती शिकवणारी एक बाई, शाळा कुठली? एक शिंपी, हसताना खोकणारा, गाव कुठलं? कपाळावर मूठ आपटून घेत होत्या. मग एक जाड आवाज आठवला: "सुईची भीती वाटते काकू, पण बस रिव्हर्स घेताना वाटते तेवढी नाही." बस डेपो!

चप्पल एक काळी, एक तपकिरी, अशा त्या डेपोत पोचल्या. खिडकीतला म्हणाला, "आडनाव?"

"ठाऊक नाही."

"मग कसा शोधू? ड्रायव्हर दोनशे आहेत."

"अहो, रक्त द्यायला भितो आणि तरी देतो, असा कोण आहे तुमच्यात?"

खिडकीतला हसला नाही. त्याने फोन फिरवला, मग दुसरा. तासाभराने कळलं, तो माणूस गाडीवर आहे, सव्वादोनला परत येईल. काकू फलाटावर उभ्याच राहिल्या. बसल्या तर तो निसटेल असं वाटून. गाडी पावणेतीनला आली.

पिशवी वेळेत पोचली. बाई वाचली, मूलही. दुसरी पिशवी लागली असती तर काय, हे काकूंना कोणी विचारलं नाही. त्या मात्र रोज स्वतःला विचारत होत्या. सर्व्हरची डिस्क कुठेच उघडली नाही. नव्या यादीत आता बेचाळीस नावं आहेत. प्रत रोज एकलाच निघते, पण दर रविवारी काकू ती लॅपटॉपवर भरतात, एक नाव शोधतात, सापडलं की मगच खूण.

परवा जिन्यात समोरच्या वहिनींनी त्यांना गाठलंच. "काय काकू, एवढी यंत्रं केलीत, आणि शेवटी कामाला आली ती तुमची आठवणच ना! कौतुक आहे बाई!"

काकू म्हणाल्या, "कौतुक कसलं? एकोणिसांतला एक आठवला. अठरा मी हरवलेत."