देव माझ्याकडे, म्हणून घर माझ्याकडे

ही हकीकत सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कोणी धारच्या घराचा विषय काढला की मी सोयाबीनच्या भावाकडे वळायचो. आता पंचाहत्तरी उलटली आणि एका जागी बसवत नाही. सकाळी फिरायला निघतो, कोपऱ्यावरून परत येतो. बायकोला सांगतो, गॅस बंद केलाय का ते पाहायला आलो. गॅस बंदच असतो.

धारचं घर बाबांनी स्वतःच्या पगारातून बांधलं. आम्ही दोघंच भावंडं. मी नोकरीसाठी देवासला आलो आणि इथलाच झालो. धाकटी बहीण धारलाच मुलींच्या शाळेत शिकवायची. तिनं लग्न केलं नाही. आईचं आजारपण, मग बाबांचं म्हातारपण, सगळं तिनंच निभावलं. त्यात आमच्याकडचे कुळाचार. देवीचं नवरात्र, मग मार्गशीर्षात खंडोबाचं, चंपाषष्ठीला भरीत-रोडगा. पूजेला बाबा बसायचे, पण पहाटे न्हाऊन सोवळ्यात पुरण शिजवायची ती, आणि मग शाळेला जायची.

बाबा थकले तेव्हा एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. ती शाळेत होती.

"मृत्युपत्र करायचंय," ते म्हणाले. "घर दोघांना अर्धं अर्धं देतो. हे घर तिनं धरून ठेवलंय. तुझी काही हरकत?"

हरकत अशी मी घेतलीच नाही. फक्त विचारलं, "आणि कुळाचार कोण करणार, बाबा? ती थोडीच पूजेला बसणार? उद्या अर्धं घर परक्याच्या हाती गेलं, तर देव कुठे ठेवायचे?"

त्यांना कुठे लागेल हे मला ठाऊक होतं. आमच्यात देव थोरल्या मुलाकडे जातात आणि देवांमागे घर जातं, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. बाबा बराच वेळ पायाची बोटं चोळत बसले. मग म्हणाले, "तेही खरंच."

"तिला राहायला घर आहेच की," मी म्हटलं. "नावाची काय गरज?"

घर माझ्या नावे लिहिलं गेलं. बहिणीला हयातभर राहण्याचा हक्क, बस. वकील जुने, धारचेच. मजकूर वाचता वाचता थांबले. "भिया, बेन के लिए बस इतना?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहत राहिलो.

बाबा गेल्यावर देवांचे चांदीचे टाक मी देवासच्या फ्लॅटमध्ये आणले. पहिली एक-दोन नवरात्रं यथासांग झाली. मग बायकोचे गुडघे, माझं ब्लडप्रेशर. नऊ दिवसांचा घट एका दिवसावर आला, रोडगा बंद झाला, टाक कपाटात गेले. तिकडे धारला बहिणीनं रिकाम्या देव्हाऱ्यात टाकांच्या जागी सुपाऱ्या मांडल्या आणि सगळं पूर्वीसारखं चालू ठेवलं. पूजेलाही तीच बसू लागली. देवांचं कारण सांगून मी घर घेतलं होतं, आणि देवांचं करत होती ती.

अधूनमधून तिचा फोन यायचा. "दादा, न्हाणीघराची फरशी बदलू का? पैसे माझेच. फक्त विचारते."

"अगं, विचारतेस काय!" मी म्हणायचो. पण तिनं न विचारता बदलली असती तर मला चाललं असतं का? फोन ठेवल्यावर मी घरभर येरझाऱ्या घालायचो.

गेल्या वर्षी माझं मृत्युपत्र करायची वेळ आली. मुलगा बंगळूरहून फोनवर म्हणाला, "बाबा, धार का मकान मेरे नाम कर दो, बाद में बेचना आसान पड़ेगा. आत्या राहतेच आहे की तिथे. तिला नावाची काय गरज?"

वाक्य माझंच होतं. जेवताना, अंघोळ करताना, दाढी करताना तेच ऐकू येत राहिलं. शेवटी ठरवलं, घर बहिणीला द्यायचं. मी मेल्यावर नाही, आत्ताच, दानपत्र करून.

मुलगा चिडला. "और मेरे को क्या मिलेगा?"

"देवासचा फ्लॅट."

"वो तो मिलता ही!"

दानपत्राच्या दिवशी टाक पिशवीत घालून धारची वाट धरली. नोंदणीच्या कचेरीत कागद तयार करणारा गृहस्थ खूश झाला. "आजकल कौन भाई बेन को मकान देता है! बेनजी, नसीब वाली हो."

बहीण पदर सावरत हसली. "हा? लहानपणी अर्धा पेरूसुद्धा द्यायचा नाही हो आमचा दादा!" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन तिनं टाक चिंचेनं घासून लख्ख केले, देव्हाऱ्यात मांडले आणि शेजारीपाजारी पेढे वाटून आली. दारोदार माझं कौतुक. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मग पान वाढून ती समोर बसली. "दादा, एक विचारू? बाबा तुझ्याशी कधी काही बोलले होते का रे? मला काहीच का ठेवलं नाही त्यांनी? घराचं नाही वाईट वाटत. पण मी केलेलं त्यांना दिसलंच नाही की काय, असं वाटतं. त्यांच्या तिथीला सगळं रांधते मी, पण पानावर बसवत नाही मला."

इंदूरला बस बदलली तिथपासून मी हेच घोकत आलो होतो. त्यांना सगळं दिसलं होतं. ते तुला अर्धं घर देत होते. मी आडवा आलो. मला क्षमा कर.

"जुनी माणसं," मी म्हणालो. "त्यांना कुळाचाराची काळजी होती."

"तू आहेस म्हणून रे," ती म्हणाली. "नाहीतर बापानं कुठे काही ठेवलं होतं?"

निदान तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. ती माझ्याकडेच पाहत होती. 'मला क्षमा कर' हे शब्द जिभेवर आले होते. ते गिळून मी तिच्याकडे भात मागितला.