थावीचं घर जमिनीवर आलं

सारोअनचा जन्म पाण्यावरचा. कोम्पोंग स्लेंग हे बासष्ट घरांचं गाव तोनले साप या मोठ्या तळ्याच्या पाण्यावर तरंगायचं. पावसाळ्यात तळं फुगलं की बुडालेल्या झाडांच्या आडोशाला सरकायचं, उन्हाळ्यात आटलं की पाण्यामागे बाहेर यायचं. तिथली पोरं चालायच्या आधी पोहतात. सारोअनला मात्र पोहणं कधी धड जमलं नाही. चार वर्षांचा होईपर्यंत त्याच्या कमरेला दोरी असायची आणि दोरीचं दुसरं टोक थावीच्या घोट्याला. थावी त्याची बहीण, नऊ वर्षांनी मोठी. "ह्याला पाण्यात ठेवून काही उपयोग नाही," ती शेजारणींना सांगायची. "हा जमिनीवरचा प्राणी चुकून इथे जन्मलाय."

आईबाप एका वादळात गेले तेव्हा थावी सतरा वर्षांची होती. तिनं आठ वर्षांच्या सारोअनला होडीत घातलं, काठावरच्या विहारात नेऊन सोडलं आणि थोरल्या भिक्खूंना म्हणाली, "ह्याला वाचायला शिकवा. मासे मी आणून देईन." भिक्खूंनी मासे नकोत म्हणून सांगितलं, तरी ती दर पंधरा दिवसांनी आणतच राहिली. तिथेच सारोअन इंग्रजी शिकला. पुढे शहरात गेला, वाटाड्याची परीक्षा पास झाला, फिकट पिवळा सदरा आणि छातीवर बिल्ला आला. लग्न झालं, दोन मुली झाल्या. गेली सोळा वर्षं तो पाहुण्यांना सकाळी अंगकोरची देवळं आणि दुपारी पाण्यावरचं गाव दाखवत होता. गाव म्हणजे अर्थातच कोम्पोंग स्लेंग. थावीच्या ओसरीवर पाहुणे चहा प्यायचे, तळलेली केळी खायचे आणि ओसरीखालच्या फळ्या-बांबूच्या पिंजऱ्यात वाकून बघायचे. पिंजऱ्यात थावी आणि तिचा नवरा चंथोल मरळ मासे वाढवायचे.

त्या वर्षी पाऊस भरात असताना गावाला कागद आला. तळं स्वच्छ ठेवायचं आहे, तेव्हा नोव्हेंबर अखेरपर्यंत सगळी घरं काठावर न्यावीत, प्रत्येकाला जागा आखून दिलेली आहे. जागा पाण्यापासून चार किलोमीटर आत, जुन्या भाताच्या शेतात होती. गावचं लिहिता येणारं माणूस एकच, सारोअन. त्यानं बासष्ट घरांच्या वतीनं अर्ज लिहिला, सगळ्यांचे अंगठे घेतले आणि कचेरीत दिला. तिथला कारकून सज्जन होता. त्यानं अर्ज दोनदा वाचला, शिक्का मारला आणि म्हणाला, "अक्षर सुंदर आहे हो तुमचं." सारोअन तीनदा चौकशीला गेला. तिन्ही वेळा कारकुनानं त्याला बसायला खुर्ची दिली आणि अर्ज वर पाठवलाय असं सांगितलं.

नोव्हेंबरच्या बावीस तारखेला सकाळी साडेसातला सारोअन अकरा पाहुण्यांना घेऊन बायोनच्या देवळात होता. बाहेरच्या भिंतीवर तळ्याचं कोरीवकाम आहे: होड्या, जाळी, झाडांच्या बुंध्यांमधून पोहणारे मासे, चुलीवर शिजवणाऱ्या बायका. त्याचं बोलणं निम्म्यावर आलं होतं, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. थावी कामाच्या वेळी कधी फोन करत नसे.

"सारोअन, अजून आठ दिवस होते ना आपल्याकडे?"

"हो. का?"

"तीन लाँचा आल्यात. पोलीस आहेत. पहिल्या टोकाच्या घरांचे दोर सोडतायत."

"असं कसं? कागदावर तारीख आहे. तारीख दाखव त्यांना!"

"दाखवली. साहेब म्हणतो, पाणी झपाट्यानं उतरतंय, आठवड्यानं घरं चिखलात रुततील, मग ओढणार कशी? खरंय ते, पाणी उतरतंयच." मग म्हणाली, "तू येतोस का? तुला बोलता येतं साहेबलोकांशी."

"येतो, बोंग. आत्ता निघतो," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला तो लहानपणापासून बोंगच म्हणायचा.

निघतो म्हणाला खरा, पण निघणार कसा? अकरा माणसं त्याच्याकडे बघत उभी होती. त्यानं कारकुनाला फोन लावला. कारकून म्हणाला, "मलाही आत्ताच कळलं हो. वरून आलंय, माझ्या हातात काय असतं?" मग त्यानं सहल कंपनीच्या सोरिया मॅडमना फोन केला.

"मॅडम, मला सुटायला हवं. बहिणीचं घर ओढून नेतायत. कुणाला तरी पाठवा माझ्या जागी."

"नोव्हेंबर आहे सारोअन. इंग्रजीवाला एक माणूस मोकळा नाही, मीच आज विमानतळावर उभी आहे." त्या वाईट बाई नव्हत्या. "हे बघ, गडबड असेल तर आज दुसऱ्या गावाला ने त्यांना. पण सोडून जाऊ नकोस. पाहुणे देवळात टाकून गेलास तर बिल्ला जाईल तुझा, मला वाचवता येणार नाही."

"दुसऱ्या गावाला नको," सारोअन म्हणाला. "स्लेंगलाच नेतो."

निदान तिथे पोचणं होईल, एवढाच हिशेब होता. देवळं भराभर उरकावीत असं त्यानं ठरवलं. पण पाहुणे सात समुद्र ओलांडून आलेले, त्यांना कसली घाई? ता प्रोमच्या देवळात, जिथे झाडांची मुळं भिंतींवरून उतरली आहेत, तिथे एक नवराबायको फोटो काढता काढता दिसेनासे झाले. त्यांना शोधण्यात पाऊण तास गेला. सापडले तेव्हा दोघं एका दगडावर बसून संत्रं सोलत होते. त्यांनी त्यालाही दोन फोडी दिल्या. त्यानं त्या हातात धरल्या, तोंडात घालायचं सुचलंच नाही.

जेवणाच्या वेळी पुन्हा फोन आला. मागून इंजिनांचा आवाज येत होता.

"कुठवर आलास?"

"जेवतायत ते. तासाभरात निघू. तुझ्याकडे आले का?"

"अजून सात घरं आहेत मधे." मग तिनं विचारलं, "तू जेवलास?"

"बोंग, मी साहेबाशी फोनवर बोलू का? दे त्याला."

"देत होते मघाशी, म्हटलं माझ्या भावाशी बोला. तो म्हणाला, आजी, रोज शंभर भाऊ बोलतात माझ्याशी." ती हसली. "आजी म्हणाला मला! बावन्न वर्षांची बाई मी."

अडीच वाजता ते धक्क्यावर पोचले. नावाडी ता हेंग, म्हणजे हेंग आजोबा, सत्तरीचे, होडीत बसून क्रमा नावाच्या चौकड्याच्या पंच्यानं घाम पुसत होते. त्यांचं स्वतःचं घर सकाळीच गेलं होतं, तरी ठरलेली फेरी करायला ते आले होते. सारोअनला बघून म्हणाले, "चाळीस गेली. तुझी बहीण राहिलीय अजून. चल, बसव गोऱ्यांना."

"जोरात घ्या, ता."

"इंजिन माझ्याएवढंच म्हातारं आहे. घेतो जमेल तसं."

कालवा संपला आणि पाणी उघडं पडलं. गेलेल्या चाळीस घरांच्या जागी आता मोकळं पाणी होतं आणि त्यात इथेतिथे बांबू उभे होते. थावीचं निळं घर डावीकडे होतं. त्याचे दोर सुटले होते, एक लाँच पुढे बांधून होती, आणि ओसरीवर थावी कुंड्या आत उचलून नेत होती. चंथोल पिंजऱ्याच्या बुडालेल्या बांबूवर पाय रोवून कमरेइतक्या पाण्यात उभा होता. पिंजरा ओढला तर घर उलटेल, म्हणून पोलिसांनी तो कापायला लावला होता. आठ महिने वाढवलेले मासे होते. दुसऱ्या दिवशी व्यापारी यायचा होता.

"जवळ घ्या," सारोअन म्हणाला. ता हेंगनी होडी वळवली, तसा पोलिसांच्या होडीतून एकानं हात हलवला, लांब राहा म्हणून. ता हेंगनी इंजिन मंद केलं. सारोअन उठून टोकाशी गेला, ओरडला, "साहेब, मी तिचा भाऊ! दोन मिनिटं बोलू द्या!" पोलिसानं त्याचा पिवळा सदरा पाहिला, मागचे पाहुणे पाहिले आणि पुन्हा तसाच हात हलवला. पोलीसही लहान वयाचा होता, घाबरल्यासारखा दिसत होता.

चंथोलनं पिंजऱ्याची बाजू कापली. काळे मासे आधी एकेक, मग झुंडीनं बाहेर पडले, पाणी उकळल्यासारखं झालं. सारोअनच्या मागून आनंदाचा गलका उठला आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सकाळीच एका विहारापाशी त्यानं त्यांना सांगितलं होतं, की इथे लोक पुण्यासाठी पक्षी आणि मासे सोडतात.

थावीनं वर पाहिलं. दोघांमध्ये वीसेक हात पाणी होतं.

"टाळ्या कशाला वाजवतायत रे तुझे पाहुणे?"

"त्यांना वाटतंय तू पुण्य करते आहेस."

"मग तसंच सांग," ती म्हणाली. "एवढं पुण्य राजानंसुद्धा केलं नसेल."

"बोंग, मी उतरतो. येतो पोहत."

"तू? आणि पोहत?" ती खरंच हसायला लागली, आणि हसता हसता तिनं तोंडाला क्रमा लावला. "मला आत्ता घर सांभाळू दे, तुला कुठे काढत बसू? आणि त्या म्हातारीला सावलीत घे, तोंड लाल झालंय बघ तिचं. उद्या ये."

ती म्हातारी म्हणजे निवृत्त शिक्षिका होती, सबंध दिवस वहीत काहीतरी लिहून घेणारी. तिनं सारोअनच्या बाहीला हात लावला. "ते लोक कुठे निघालेत?" तिनं विचारलं.

सोळा वर्षांत हा प्रश्न त्याला शेकडोंनी विचारला होता आणि त्याचं उत्तर तोंडपाठ होतं. त्याला वेगळं काही सांगायचं होतं. पण लाँचनं ओढ घेतली, निळं घर वळलं, दारावर लावलेला आरसा उन्हात चमकला, आणि तोंडातून तेच पाठ केलेलं बाहेर पडलं. "पाणी चढतं-उतरतं तसं गाव जागा बदलतं, बाई. दरवर्षी असं होतं."

"किती सुंदर," ती म्हणाली आणि लिहून घेतलं.

ता हेंगना इंग्रजी कळत नव्हतं. तरी त्यांनी मान फिरवली आणि होडी परत लावली. हॉटेलच्या दारात अकराही जणांनी सारोअनचे हात हातात घेतले. सहलीतला सगळ्यात चांगला दिवस, असं सगळे म्हणाले. त्यानं हात जोडून आभार मानले. घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "काही नाही. मी तिथे होतो."

दुसऱ्या दिवशी त्याला जमलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सहली ठरलेल्या होत्या. पाचव्या दिवशी तो गेला. भाताच्या शेतात चुन्याच्या रेघा मारून चौकोन आखले होते आणि काठावरून ट्रॉलीवर घालून आणलेलं थावीचं घर एकेचाळीस नंबरच्या चौकोनात, ज्यांवर ते तरंगायचं त्या पिंपांवर बसलं होतं, जरा डावीकडे कललेलं. चंथोल सायकलवरून पाणी आणायला गेला होता. थावी ओसरीच्या कडेला पाय सोडून बसली होती. ती म्हणाली, झोप लागत नाही, जमीन हलत नाही ना. पाठ दगडावर टेकल्यासारखी वाटते. काही बायका आता गोगलगायी गोळा करून विकतात, तीही जाणार आहे. अर्जाचं काय झालं, हे तिनं विचारलं नाही. त्यानंच सांगितलं, की कचेरीत पुन्हा जाऊन येतो.

"जा," ती म्हणाली. "खुर्ची देतात ना बसायला?"

तो ओशाळून उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, की ती खाली उतरलीच नाही. तिचा डावा गुडघा सुजला होता. ओसरी जमिनीपासून छातीइतकी उंच होती आणि पाण्यावरच्या घराला पायऱ्या कधी नसतात. होडी सरळ ओसरीला लागते. पाच दिवस ती उडी मारून उतरत होती आणि पिंपाला धरून चढत होती.

"फळ्या आहेत का कुठे?" त्यानं विचारलं.

"पिंजऱ्याच्या आहेत, मागे."

पिवळा सदरा काढून त्यानं ओसरीवर ठेवला. हातोडी शेजारच्या घरातून आणली. सुतारकाम त्याला येत नव्हतं. पहिली पायरी वाकडी बसली, दुसरी ठोकताना खिळा दुमडला. थावी वरून बघत होती.

"तिरका मार," ती म्हणाली. "तिरका. दे इकडे."

त्यानं हातोडी वर दिली.