नव्या रागाची पहिली बैठक

मिरजेहून निघताना ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांमध्ये मी माझ्या रेकॉर्डी जपून ठेवल्या. रेकॉर्ड कंपनीला माझ्याकडून फक्त भजनं हवी होती. मी नकार दिला आणि स्वतः बांधलेल्या नव्या रागाची रेकॉर्ड स्वतःच काढली. आता लोणावळ्याच्या एका बंगल्यात तो राग पहिल्यांदा लोकांपुढे गायचा होता.

तळेगावला दामूअण्णा गाडीत चढले. पेशाने शाळामास्तर, हाताने पक्के तबलजी. माझ्या बंदिशीचा ताल आडवळणी. तो बसवण्यात त्यांनी उन्हाळ्याची सगळी सुट्टी घातली होती. कामशेतच्या पुढे भाताची खाचरं (बांध घातलेली शेतं) पोपटी दिसत होती. आम्ही दोघंही खुशीत होतो.

लोणावळ्यात धुकं बंगल्याच्या खिडकीपाशी आलं होतं. पाहुणे गुडदाणी (शेंगदाण्यांची चिक्की) खात बसले होते. मी आलाप सुरू केला. थोड्या वेळाने यजमान वाकून म्हणाले, "बाई, मंडळी कंटाळलीत. एखादं भजन होऊ द्या."

मी दामूअण्णांकडे पाहिलं. त्यांनी हलकेच मान हलवली, नको म्हणून. मी भजन सुरू केलं. टाळ्या खूप पडल्या; मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी परतताना दामूअण्णा मला परंदवडीला त्यांच्या आईकडे जेवायला घेऊन गेले. पिठलं-भात वाढताना आईंनी विचारलं, "काल नवं गानं कसं झालं? ह्यो सुट्टीभर ताटावर बोटं वाजवत हुता."

"लय चांगलं झालं, आई. मानसं जाग्यावरनं हालली न्हाईत," दामूअण्णा ताटात बघत म्हणाले.

मी हातातला घास खाली ठेवला. "मावशी, ते खरं नाही. लोकांनी भजन मागितलं आणि मी लगेच गायले. यांचा ताल वाजलाच नाही."

आईंनी पिठल्याचं भांडं खाली ठेवलं. मग मुलाला म्हणाल्या, "हात धू अन् तबला काढ."

ओसरीवर मी गायले. दामूअण्णा माझ्याकडे न बघता वाजवत होते. तालाची सम आली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बघितलं. आई शेवटपर्यंत खांबाला टेकून बसल्या होत्या.

"आता झालं," एवढंच त्या म्हणाल्या.

मिरजेत लोक विचारतात, हा राग पहिल्यांदा कुठे गायलात? मी परंदवडीचं नाव सांगते. त्यांना तो माझा साधेपणा वाटतो. लोणावळ्याचं सांगायला अजून माझी जीभ रेटत नाही.