चाळिशीच्या आत

गेल्या हंगामात दिग्रसच्या जिनिंग कारखान्यातून म्हाताऱ्या विमलताईंना "उद्यापासून येऊ नका" म्हणून सांगितलं, तेव्हापासून मैनाबाईच्या जिवाला चैन नव्हतं. ती त्यांच्याच शेजारी बसून कापसातला कचरा वेचायची. नवरा वारल्यावर ह्याच मजुरीवर तिनं लेक अंजूला वाढवलं, तिचं लग्न करून दिलं. विमलताई डबा फडक्यात बांधून मुकाट निघून गेल्या, ते तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

कोणी तरी बँकेतल्या पेन्शनचं सांगितलं. आता महिन्याला थोडं भरायचं, साठीनंतर महिन्याला मिळायचं. मजुरी बुडवून ती बँकेत गेली. मॅडमनं आधार कार्ड पाहिलं.

"मावशी, ही चाळिशीच्या आतल्यांसाठी आहे. तुम्हाला सत्तेचाळीस झाली."

"मले? कुठची सत्तेचाळीस!"

माहेरच्या तांड्यावरच्या शाळेत ती दुसरीपर्यंत शिकली होती. तिथून दाखला काढला, तर जन्म एक जुलै एकोणीसशे शहाऐंशीचा. म्हणजे चाळिशीला दीड महिना उरला. आधी तहसीलमधून जन्माचा दाखला, मग आधार, मग बँक. तहसीलमध्ये जन्म ठाऊक असलेल्या वडीलधाऱ्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं. आईबाप गेलेले. उरला थोरला भाऊ हिरासिंग.

तो तांड्यावर गोठ्यात बैलांपुढे सरकीची ढेप ठेवत होता.

"भिया, तुही सही पायजे."

दाखला पाहून त्याचा चेहरा उतरला. "काहून उकरून राह्यली, बाई? आधारच्या शिबिरात तुले एकोणऐंशी साल सांगाले लावलं, ते तुह्याच भल्यासाठी. म्हातारपणाचा सरकारी पैसा लवकर भेटला असता."

"तवा मीबी तेच समजली."

चुलीपाशी बसलेली भावजय सुखीबाई म्हणाली, "नणंदबाई, वय कमी करून दुसरा नवरा पाहता का काय?"

हिरासिंगनं तिला हातानंच थांबवलं.

"अंजू कवाची?" हिरासिंगनं खाली पाहत विचारलं. "दोन हजारची. अन् तू शहाऐंशीची. कोणी बोटं मोजली तं?"

मैनाबाईच्या आता ध्यानात आलं. सरकारी पैशाचं निमित्त होतं तर. बाप गेल्यावर खर्च वाचावा म्हणून हिरासिंगनं आपल्याच लग्नाच्या मांडवात तिचंही उरकलं होतं. तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

"मोजू दे," ती म्हणाली. "जे झालं ते झालं. पन हे सात वर्सं खोटे लागले ना मले, ते कोन भरून देईल?"

"अन् कोणी विचारलं तं मी काय सांगू?"

"बाप नव्हता, अक्कल नव्हती, सांग."

तो ढेपेची पाटी उचलून आत गेला.

चार दिवस ती कापूस निवडत होती, पण हाताला कचरा लागेना. मुकादम दोनदा ओरडला. सोमवारी ती एकटीच तहसीलला जाऊन बसली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा धुतलेलं धोतर नेसून हिरासिंग आला. तो सरळ खिडकीपाशी गेला.

"ही तुमची कोण?" बाबूनं विचारलं.

"धाकली बहीन."

"जन्म कधीचा?"

"शहाऐंशीचा," तो म्हणाला. "म्या पाळन्यात झुलवली हाये हिले."

बाबूनं मान वर न करता लिहून घेतलं. सही कुठे करायची ते दाखवलं. "महिनाभर लागेल."

मैनाबाईनं बोटांवर दिवस मोजले. मग आधारचे वेगळेच. "साहेब, थोडं लवकर नाही होत काय?"

बाबूनं खिडकी लावून घेतली. जेवायची सुट्टी झाली होती.

"चाल, बाई," हिरासिंग म्हणाला. "दीडची एसटी हाये."

"तू जा. साहेब जेवून आले का मी पुन्हा इचारतो."

तो दोन पावलं गेला, थबकला आणि परत येऊन तिच्याशेजारी पायरीवर बसला.