सोन्यालाच वाजणारं यंत्र

पणजोबांनी सोन्याचा हंडा पुरून ठेवलाय, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुठं, तेवढं सांगायचं पणजोबा विसरले. म्हणून मागच्या वर्षी थोरल्या चुलत्यांनी मला कोल्हारहून नगरला नेलं, मेटल डिटेक्टर घ्यायला.

दुकानदारानं दोन यंत्रं दाखवली. स्वस्तातलं कुठल्याही धातूला वाजायचं. चुलते म्हणाले, "आमच्या रानात नांगराचे तुकडे अन् नटबोल्ट लई हायेत. लोखंडाला गप बसंल अन् सोन्यालाच वाजंल, असं द्या." मी म्हटलं, आधी साधं नेऊन बघू. "तुला काय कळतंय?" असं म्हणत त्यांनी महागडंच घेतलं.

चार दिवस रान पालथं घातलं. यंत्र इतकं गप्प, की मला ते घरातलं एकमेव शहाणं माणूस वाटायला लागलं. मग चुलत्यांना सुचलं, नवं घर बांधलंय ती जागाही पणजोबांचीच. घराच्या आग्नेय कोपऱ्यात यंत्र कोकलायला लागलं. मी तोंड उघडायच्या आत नवीकोरी फरशी फुटली. वीतभर खाली सोनं निघालं, अगदी खरं. वास्तुशांतीला चुलत्यांनी स्वतःच्या हातानं पुरलेली वास्तुपुरुषाची नखाएवढी प्रतिमा!

उकरलेला वास्तुपुरुष नुसता परत ठेवून चालत नाही म्हणे. पुन्हा वास्तुशांत, पुन्हा जेवणावळ. सामानाची यादी लिहून देताना गुरुजींनी यंत्र नीट निरखून पाहिलं.

"वस्तू चांगली आहे," ते म्हणाले. "आमच्या बाकीच्या यजमानांनाही घ्यायला सांगतो."